पोटभाडेकरू म्हणून राहिलायत का? अनुभव सांगा

लेकीला पुण्यात नोकरी लागली. बाणेरला टू बीएचकेमधली एक खोली मिळतेय, पण देणारी मुलगी स्वतःच भाडेकरू. करार तिच्या एकटीच्या नावावर, भाडं आपण तिला जीपे करायचं. थेट मालकाकडून वन बीएचके घ्यायचा तर दुप्पट पैसे. असं कोण राहिलंय? बरं-वाईट दोन्ही लिहा.

---

मी. हिंजवडीत, दोन वर्षं. ४० हजार डिपॉझिट मित्राच्या हातात दिलं, भाडंही दरमहा त्यालाच. तो बंगळुरूला गेला, "मालकांशी बोललोय, तू राहा" म्हणाला. पुढच्याच महिन्यात मालक काका दारात. पहिला प्रश्न, "आपण कोण?" पठ्ठ्याने तीन महिने भाडं भरलंच नव्हतं, डिपॉझिटमधून वळतं करून घ्या म्हणून सांगून मोकळा. काकांना तरी काय बोलणार? त्यांच्या कागदावर मी नव्हतोच. आठवड्यात खोली सोडली. मित्र अजून "देतो" म्हणतोय.

---

माझं छान गेलं बाई. जिच्या नावावर करार होता त्या ताईने पहिल्याच दिवशी मालकांना फोन लावून दिला होता.

---

आमचं जुनं प्रकरण, गिरगावातलं. आजोबा एका भाडेकरूकडे लायसन्सवर, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवानगीवर राहायचे. १ फेब्रुवारी १९७३ या तारखेला ज्यांचा करार चालू होता आणि ताब्यात निदान एक अख्खी खोली होती, त्यांना कायद्याने भाडेकरू मानलं. आजोबांकडे खोली होती. शेजारच्या बिऱ्हाडाकडे पडदा लावून केलेली अर्धी. आम्ही राहिलो, ते डोंबिवलीला गेले. आजी त्या पडद्याबद्दल शेवटपर्यंत बोलायची.

---

बर्लिनमध्ये याला उंटरमीटे म्हणतात, आणि अर्धं शहर तसंच राहतं असं वाटतं. राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घर देणाऱ्याचा सहीचा दाखला लागतो. मूळ भाडेकरू तो देऊ शकतो. आमचा देईना, कारण त्याने मालकाला विचारलंच नव्हतं! नोंदणी अडली की पुढची सगळी कामं अडतात. नंतर थेट घर घेतलं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं, तेही तीन हप्त्यांत देता येतं. पण ते घर मिळायला सात महिने लागले, हेही लिहायला हवं.

---

मी घरमालक, कोथरूड. आम्ही खडूस म्हणून नाही म्हणत नाही. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. करारात मुभा नसेल तर भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवता येत नाही. माझ्या फ्लॅटमध्ये चौथा मुलगा राहतो हे मला वॉचमनकडून कळलं. तुमच्या मुलीचं नाव करारात घालायला सांगा. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, शिवाय थोडी स्टँप ड्युटी, दोघींत वाटून घ्या.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. त्या मुलीकडे काल मालकांचा नंबर मागितला. निळ्या टिका आल्यात, नंबर नाही.