शिक्षण वाढले म्हणजे सोलापूरची मजुरी वाढेल का?

भुईकोट (धागाकर्ता):

परवा साखर पेठेतील एका घरगुती समारंभात एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘‘पोरं शिकली की पुण्याला जातात. मग सोलापूरनं त्यांना शिकवून काय मिळवलं?’’ तेथे वाद घालणे बरे दिसले नसते, म्हणून माझे उत्तर येथे मांडतो. सोलापुरातील मजुरी कमी राहिली याचे मुख्य कारण येथील श्रमिकांचे शिक्षण तोकडे राहिले हेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी मिल १८७७ साली सुरू झाली आणि पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा मिलनी हे शहर घडवले. मिलला हात हवे होते, प्रमाणपत्रे नको होती. मुलगा कामाजोगा झाला की वडिलांच्या ओळखीने जॉबरपुढे, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमापुढे, उभा राहायचा आणि त्याची शाळा तेथेच संपायची. तीन पिढ्या हे चालले, कारण पगार नियमित होता. मिल बंद पडल्या तेव्हा मात्र कामगारांच्या हाती जे कौशल्य होते ते एका विशिष्ट यंत्रापुरतेच होते. कुणी यंत्रमागावर गेला, कुणी रिक्षा घेतली आणि पूर्व भागातील कितीतरी घरे बायकांच्या विड्यांवर तगली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७७ टक्के होती, तर राज्याची ८२ टक्क्यांहून अधिक. स्त्रियांची साक्षरता तर ७० टक्क्यांच्याही खाली होती.

शिक्षणाने मजुरी वाढते याला भक्कम पुरावा आहे. इंडोनेशियाने १९७३ ते १९७८ या काळात सुमारे ६१ हजार प्राथमिक शाळा बांधल्या. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी २००१ साली दाखवून दिले की त्या शाळांमुळे ज्यांचे शिक्षण वाढले, त्यांची मजुरी शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे साधारण ७ ते १० टक्क्यांनी वाढली. सोलापुरात निराळे काही घडण्याचे कारण मला दिसत नाही.

उभेआडवे धागे:

मी अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरी विणणारा लहान कारखानदार आहे. आपला लेख कळकळीचा आहे, पण तो बैलापुढे गाडी जुंपतो.

आपण दिलेल्या इंडोनेशियाच्या उदाहरणातच त्याचे उत्तर आहे. त्या शाळा तेलाच्या पैशातून उभ्या राहिल्या. तेलाच्या किमती भडकल्या होत्या आणि त्या देशाची अर्थव्यवस्था झपाट्याने वाढत होती. शिकून बाहेर पडलेल्या मुलाला घ्यायला कुणीतरी उभे होते. आमच्याकडे कोण उभे आहे? २०२२-२३ च्या केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात देशातील एकूण बेरोजगारी ३.२ टक्के होती आणि पदवीधरांमधील १३.४ टक्के. गरीब अशिक्षिताला रिकामे बसणे परवडत नाही म्हणून तो मिळेल ते काम करतो, हे मला मान्य आहे. पण नुसत्या पदवीने काम निर्माण होत नाही, हेही त्याच आकड्यांतून दिसते.

माझ्याकडे कामगाराला उत्पादनावर मजुरी मिळते. तो दहावी झाला म्हणून साधा माग जास्त टॉवेल विणत नाही. मजुरी वाढायची तर एका माणसामागचे उत्पादन वाढले पाहिजे, त्यासाठी नवे माग हवेत, नव्या मागांसाठी परवडणारे कर्ज आणि रास्त दराची वीज हवी. टॉवेल-चादरींत आमचा प्रतिस्पर्धी असलेल्या पानिपतचा माल स्वस्तात बाजारात येत असताना मी कोणत्या भरवशावर कर्ज काढू? या प्रश्नाचे उत्तर शाळेत मिळत नाही.

हिंजवडीतला सोलापूरकर:

ते वयोवृद्ध गृहस्थ ज्यांच्याविषयी बोलले त्यांच्यापैकी मी एक आहे, म्हणून लिहितो. सोलापूर महापालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये ८ लाख ७२ हजार होती, २०११ मध्ये ती ९ लाख ५१ हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत जेमतेम ९ टक्के वाढ. पुणे शहर त्याच काळात २३ टक्क्यांनी वाढले. ज्या शहरात नैसर्गिक वाढीइतकीही भर पडत नाही, तेथून माणसे निघून जात आहेत, एवढे स्पष्ट आहे.

माझे अभियांत्रिकीचे शिक्षण सोलापुरातच झाले. वर्गातील बहुतेक जण आज पुणे, बेंगळुरू किंवा परदेशात आहेत. आम्ही घरी पैसे पाठवतो, पण खरे सांगायचे तर त्यातून जुळे सोलापुरात सदनिका उभ्या राहिल्या, कारखाने नाहीत. शिक्षणाने माझे भले झाले. माझ्या शहराचे किती झाले, याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ही गोष्ट मला लागते.

विडी कामगाराची लेक:

वरच्या तिन्ही प्रतिसादांत मजुरीचा विचार केवळ उत्पादनाच्या अंगाने झाला आहे. मला वेगळा अनुभव सांगायचा आहे.

माझ्या आईने तीस वर्षांहून अधिक काळ विड्या वळल्या. हजार विड्यांमागे दर ठरलेला असतो. पान आणि तंबाखू मोजून मिळतात, वळलेल्या विड्या देताना तपासल्या जातात आणि खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. आईला अक्षरओळख नव्हती. मजुरीच्या पुस्तकात काय लिहिले, किती विड्या काढून टाकल्या, भविष्य निर्वाह निधी किती कापला, हे ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची. मी सातवीत असताना ते पुस्तक घेऊन तिच्यासोबत जाऊ लागले आणि दर आठवड्याला बेरीज करून दाखवू लागले. काढून टाकल्या जाणाऱ्या विड्यांची संख्या काही महिन्यांत कमी झाली. आईचे हात तेच होते आणि वळण्याचा वेगही तोच होता. बदलले ते एवढेच की समोरच्याला कळले, आता कुणीतरी वाचणारे आहे.

विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला आणि कल्याण निधीचा १९७६ साली. त्या निधीतून मुलांना शिष्यवृत्ती मिळते, तिच्यावरच मी वाणिज्य शाखेची पदवी घेतली. आज मी एका पतसंस्थेत हिशेब पाहते. मी शिकले नसते तर या कायद्यांचा आमच्या घराला किती उपयोग झाला असता, हे मी पैजेवर सांगू शकते. शिक्षणाने माग जास्त टॉवेल विणत नसेल. पण विणलेल्या टॉवेलचे पैसे नीट मोजून घेता येतात. कारखानदार काकांनी या बाजूकडेही पाहावे, ही विनंती.

भुईकोट:

ताईंनी जे मांडले ते माझ्या मूळ लेखात यायला हवे होते. कारखानदार साहेबांचा मागणीविषयीचा मुद्दाही मी अर्धा स्वीकारतो. उरलेल्या अर्ध्यासाठी एक प्रश्न विचारतो. तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड, म्हणजे कापडात नक्षी विणणारे मागावरचे यंत्र, आहे का? असल्यास त्याची नक्षी कोण तयार करतो?

उभेआडवे धागे:

आहे, आणि नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवलेत. पूर्वी आमच्याकडे आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून नक्षी काढत आणि त्यावरून भोके पाडलेली कार्डे बनवत. ते काम करणारे जुने जाणते लोक थकले. आता नक्षी संगणकावर होते आणि ती करणारा माणूस मला बाहेरून बोलवावा लागतो. मी आयटीआय झालेला एक हुशार मुलगा घेतला, सहा महिने स्वतः जवळ बसून शिकवले. ताणा-बाणा, वीण, टॉवेलच्या फासाची उंची, सारे त्याला समजू लागले. सातव्या महिन्यात तो चाकणला गेला. मी त्याला दोष देत नाही, तेथे पगार जास्त होता. पण मग शिकवण्याचा खर्च मी पुन्हा का करावा?

निवृत्त अध्यापक:

कारखानदारांचा हा प्रश्न जुना आणि गंभीर आहे. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली त्याची मांडणी केली होती. जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात चालते त्याचा खर्च मालक सहसा उचलत नाही, कारण शिकलेला कामगार दुसरीकडे गेला की गुंतवणूकही जाते. म्हणून असे शिक्षण एकतर कामगार स्वतःच्या पैशाने घेतो, कमी पगारावर उमेदवारी करून घेतो, किंवा समाज त्याचा खर्च उचलतो. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे, पण पाच-दहा मागांच्या विखुरलेल्या कारखान्यांपर्यंत तो फारसा उतरत नाही. ही तफावत प्रत्येक कारखानदाराने एकट्याने भरून काढावी, अशी अपेक्षा धरता येणार नाही.

दुसरा मुद्दा माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. शिक्षणाचा खरा उपयोग तंत्र बदलते तेव्हा होतो. काम वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने चालते तेथे बापाकडून मुलाला मिळालेले ज्ञान पुरते. नवे बियाणे, नवे यंत्र किंवा नवी अट आली की वाचून, पडताळून निर्णय घेणारा पुढे जातो. अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी शेतीच्या अभ्यासातून हेच सांगितले. आपल्या जिल्ह्यातील डाळिंब पाहा. तेल्या रोगाने बागा गेल्या, निर्यातीसाठी फवारणीच्या नोंदी आणि औषधांच्या अंशाची मर्यादा पाळावी लागली. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे, त्याच्या शिफारशी वाचून अमलात आणणारा शेतकरी आणि दुकानदाराच्या सांगण्यावर फवारणारा शेतकरी यांतील फरक मी सांगोल्याच्या रस्त्याला शेजारशेजारच्या बागांत पाहिला आहे. ज्वारीच्या कोरडवाहू शेतात दोघेही सारखेच पिकवत होते.

तेव्हा साध्या मागावर दहावीचा उपयोग नाही हे कारखानदारांचे निरीक्षण खरे आहे. ते साध्या मागाविषयी खरे आहे, जॅकार्डविषयी नाही.

हिंजवडीतला सोलापूरकर:

सरांचे म्हणणे पटते, पण गळती तशीच राहते. सोलापूर शिकवेल आणि चाकण पगार देईल.

विडी कामगाराची लेक:

काका, मी एक विचारते. तुम्ही मुलगा घेतलात. पूर्व भागात बारावी आणि पदवी झालेल्या कितीतरी मुली घरी बसून आहेत. त्यांच्या आया विणकरांच्या घरातल्या आहेत, ताणा आणि बाणा त्यांना शिकवावा लागणार नाही, संगणक त्या शिकतील. नक्षीचे काम दिवसा, खोलीत बसून होते. तुम्ही मुलींना घ्याल का?

उभेआडवे धागे:

हे मला सुचले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगतो. एकट्याने जमणार नाही, पण आम्ही चार-पाच कारखानदार मिळून एक खोली, दोन संगणक आणि एक शिकवणारा माणूस असा खर्च वाटून घेऊ शकतो. आसपासच्या मंडळींशी मी दिवाळीपूर्वी बोलतो. मुली घराजवळच राहत असल्याने शिकून लगेच सोडून जाणार नाहीत, ही आमच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. चाकणइतका पगार मात्र देता येईल असे मी आज कबूल करणार नाही.

विडी कामगाराची लेक:

बोला, मी दहा मुलींची नावे देते. पण त्या सोडून जाणार नाहीत म्हणून त्यांना कमी पगारात ठेवता येईल, असा हिशेब कृपा करून धरू नका. माझ्या आईच्या बाबतीत तीस वर्षे तोच हिशेब धरला गेला होता. बाहेरून येणाऱ्या नक्षीवाल्याला तुम्ही आज एका नक्षीमागे जे देता, तोच दर शिकून तयार झाल्यावर या मुलींना द्या, आणि तो पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या. त्या वाचतील.