मदत हवी आहे: शॉकमधल्या मांजराचं लॅक्टेट कसं वाचायचं?

नमस्कार मंडळी, पशुवैद्यकीच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी शॉकमधल्या (म्हणजे रक्ताभिसरण कोलमडून पेशींना ऑक्सिजन कमी पडतो अशा अवस्थेतल्या) प्राण्यांच्या रक्तातलं लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की पेशींत जास्त तयार होणारा पदार्थ) अभ्यासतोय. कुत्र्यांवर बरंच काम झालंय: साधारण 2.5 मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेलं की सावध व्हायचं, आणि पहिल्या आकड्यापेक्षा सलाईननंतर तो किती उतरतो हे जास्त बोलकं. मांजरांचं गणित निराळं. शॉकमध्ये कुत्र्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, मांजराचे बऱ्याचदा मंदावतात, अंग गार पडतं. त्यात रक्त काढताना ते जीव खाऊन धडपडलं तरी लॅक्टेट चढतं! मग ही वाढ आजाराची की झटापटीची, हे कसं ओळखता? शांत झाल्यावर दुसरा नमुना घेता का, आणि किती वेळाने? मांजरांवरचे चांगले शोधनिबंध ठाऊक असतील तर कृपया जरूर कळवा.