तोंडाला रुमाल बांधला म्हणजे दरोडेखोर का?

बोरीकाठचा (अमळनेर)
परवा बँकेची साइट उघडत नाही म्हणून कुणीतरी धागा काढला होता. त्यात एका सभासदाने ठोकून दिलं, "ज्याच्या मनात पाप नाही त्याला तोंड लपवायचं कारण काय? टॉरवाल्यांना साइटवाले हाकलतात ते बरोबरच करतात." टॉर म्हणजे आपला खरा पत्ता लपवून नेट वापरायचा ब्राउझर. दोन दिवस गप्प बसलो, पण झोप लागेना.

मे महिन्यात जळगावच्या रस्त्यावर उभं राहून बघा. पारा ४४-४५ वर आणि सगळं गाव डोक्यातोंडाला रुमाल गुंडाळून, डोळे तेवढे उघडे. सगळे दरोड्याला निघालेत का?

मी मास्तर माणूस. गेल्या वर्षी धाकट्या भावाला डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या. रात्री बसून त्या गोळ्यांबद्दल वाचलं, साध्या ब्राउझरमध्ये. चार दिवसांनी वर्गात फोन स्मार्ट बोर्डाला जोडला, तर धड्याच्या व्हिडिओआधी जाहिरात: 'सतत उदास वाटतं?' पोरं खिदळली. संध्याकाळी गल्लीतली एक बाई आईला विचारायला आली, "मास्तरांना काय झालंय?" आई आठ दिवस माझ्याकडे टकमक बघत होती. तेव्हापासून असलं काही वाचायचं तर टॉर.

आणि टॉरवर काय होतं? शोधायला गेलं की कॅप्चा, म्हणजे माणूस आहेस हे सिद्ध करायचं कोडं. तो सोडवला की दुसरा, तिसरा, आणि मग 'तुमच्या नेटवर्कवरून संशयास्पद ट्रॅफिक येत आहे'. बँकेचं पान नुसतं पांढरं. मेलचं खातं तर कायमचं गेलं. टॉरमुळे मी सकाळी जर्मनीत दिसलो, दुपारी नेदरलँडमध्ये, म्हणून कुलूप. आणि किल्लीचा कोड गेला बंद पडलेल्या जुन्या सिमवर. १२ वर्षांचे मेल. मी काय चोरलं होतं?

वेफर्सवाला (सावदा)
मास्तर, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण रुमालाचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. बँकेच्या दारावर पाटी असते ना, 'हेल्मेट व रुमाल काढून आत या'? तिथे तुम्ही वॉचमनशी उन्हाळ्यावर वाद घालता का?

माझी केळी वेफर्सची छोटी साइट आहे. दोन वर्षांपूर्वी आषाढीच्या आठवड्यात एका रात्रीत ६३ ऑर्डरी आल्या, सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरी. बायकोला म्हटलं, विठोबा पावला! रात्रभर कढई चालू. माल नागपूर, सोलापूर, कुठे कुठे गेला. पत्ते खरे, माणसं खोटी. ५८ पार्सलं परत आली, कुरिअरचे पैसे दोन्हीकडचे माझ्या बोकांडी, आणि पुड्यांत वेफर्सचा चुरा. भाच्याने साइटची नोंद काढून बघितली, बहुतेक ऑर्डरींचे आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) टॉरचे. त्याच दिवशी टॉर बंद केलं.

तुमची प्रायव्हसी, माझा चुरा.

धुळेकरीण
भाऊ हो, मनं बी आयकी ल्या जरा.

टॉरमध्ये तुमची विनंती, म्हणजे पान उघडायची मागणी, तीन यंत्रांतून फिरते आणि साइटला दिसतो तो शेवटच्या यंत्राचा, एक्झिट नोडचा, पत्ता. या एक्झिटची यादी टॉर चालवणारे स्वतःच जाहीर करतात, त्यामुळे अडवणं सोपं. एका एक्झिटमागे असंख्य माणसं. त्यातल्या एकाने घाण केली की पत्ता बदनाम, आणि मास्तर त्याच रांगेत उभे. एसटीत एकाचं पाकीट गेलं की आख्खी बस पोलीस ठाण्यात नेतात, तसं.

साइटवाले अगदीच वेडे नाहीत हेही सांगते. २०१६ मध्ये क्लाउडफ्लेअरने (साइटींना हल्ल्यांपासून वाचवणारी कंपनी) जाहीर केलं होतं की त्यांच्याकडे टॉरवरून येणाऱ्या ९४ टक्के विनंत्या उपद्रवी असतात. टॉर चालवणाऱ्यांनी मोजण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. विनंत्या म्हणजे माणसं नव्हेत, एक बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) मिनिटाला हजार विनंत्या टाकतो आणि मास्तर दिवसाला वीस. दोघांचं म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं, पण इथे ते कुणाला परवडत नाही.

मधली वाट काढणारेही आहेत. विकिपीडिया टॉरवरून वाचता येतो, संपादन तेवढं अडवलेलं असतं. फेसबुकने २०१४ मध्ये आणि बीबीसीने २०१९ मध्ये स्वतःचे ओनियन पत्ते, म्हणजे खास टॉरवरून उघडणारे पत्ते, काढले.

भुसावळ जंक्शन
ताई, हे टॉर अमेरिकन नौदलाने बनवलंय हे का नाही सांगत? डार्क वेब (नेटचा लपलेला बाजार), गांजा, हत्यारं. आणि सरकारने २०२२ मध्ये बंदी घातली आहे. मास्तरांनी मुलांना काय शिकवायचं ते आधी ठरवावं.

बोरीकाठचा (अमळनेर)
मुलांना मी आधी हे शिकवतो की अर्धवट वाचून बोलू नये. तुमच्या वेळी तो तास ऑफ होता वाटतं.

धुळेकरीण
जंक्शनभाऊ, नौदलाच्या प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात सुरुवात झाली हे खरं, लपवायला काय? इंटरनेटचं मूळही अमेरिकेच्या संरक्षण खात्यातच. तेही सोडता का? २०२२ चा सर्ट-इनचा (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आदेश होता व्हीपीएन कंपन्यांना, म्हणजे आपला पत्ता झाकून नेट देणाऱ्यांना, ग्राहकांची नावं-पत्ते ५ वर्षं जपून ठेवा म्हणून. त्यावर काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. टॉरवर बंदी त्यात कुठेही नाही.

पारोळ्याचे नाना
मला ते टॉर कळत नाही. मी साधा मोबाइल वापरतो, तरी मला पण ती चित्रं येतात! पीकविम्यासाठी एका पोर्टलवर बसलो, वाकडी अक्षरं ओळखा म्हणे. ती इंग्रजी उभी काठी आय आहे की एल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सात वेळा चुकलो, तोवर आधारचा ओटीपी मेला. शेवटी ऑनलाइन सेंटरवर ५० रुपये मोजले. तिथल्या पोराने न बघता टाकलं आणि बरोबर आलं.

दुसऱ्या एका ठिकाणी 'फायर हायड्रंट निवडा'. ते काय असतं? मला वाटलं लाल रंगाची दीपमाळ.

वेफर्सवाला (सावदा)
😂 नाना, दीपमाळ!

चोपड्याची
नाना एकटे नाहीत. माझ्या सासूबाईंना 'क्रॉसवॉक' आला. त्या म्हणे, आपल्याकडे पट्टे मारले की पहिल्या पावसात जातात, मग मी ओळखू कशावरून?

पारोळ्याचे नाना
पट्टे? आमच्या गावातून जुना सहा नंबर हायवे जातो, चाळीस वर्षं पाहतोय. रस्ता ओलांडायचा तर हात वर करायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

धुळेकरीण
ही चित्रं बरीचशी स्ट्रीट व्ह्यूच्या धाटणीची, म्हणजे गुगलची गाडी रस्तोरस्ती फिरून फोटो काढते ना, तशी, आणि ती गाडी आधी अमेरिकेत फिरली. आपल्याकडे २०२२ मध्ये दहा शहरांत आलं. नाशिक आणि नगर त्या दहात होते, खान्देशातलं एकही नव्हतं. रीकॅप्चाची, म्हणजे ही कोडी घालणाऱ्या सेवेची, मूळ कल्पना चांगली होती: माणसांनी अक्षरं ओळखायची आणि त्यातून जुनी पुस्तकं-वर्तमानपत्रं डिजिटल व्हायची. २००९ मध्ये गुगलने ते विकत घेतलं. पुढे घरांचे नंबर आले, मग सिग्नल.

पारोळ्याचे नाना
म्हणजे मी गुगलकडे फुकट मजुरी केली? आणि वर ५० रुपये मीच दिले?

चोपड्याची
निदान बैलगाडी निवडा, केळीचा घड निवडा, असं तरी ठेवा. एका झटक्यात पास होऊ.

भुसावळ जंक्शन
केळीचा घड ठेवला तर पुण्यावाले नापास होतील 😄 विषय काय होता पण?

बोरीकाठचा (अमळनेर)
विषय हाच, जंक्शनभाऊ. नाना टॉर वापरत नाहीत, विमा भरतात, तरी त्यांनाच 'माणूस आहेस हे सिद्ध कर' म्हणतात. आता सांगा, तोंड कोणी लपवलं होतं?

धुळेकरीण
नानांच्या पोर्टलवर अक्षरं सगळ्यांनाच येतात, ते सोडा. पण साध्या मोबाइलवर चित्रं येतात त्याचं एक कारण तेच आहे. मोबाइल कंपन्या हजारो फोन एका सामाईक पत्त्यामागे ठेवतात. एका पत्त्यावर बोट ठेवलं की तालुका अडतो. वेफर्सभाऊ, तुम्ही टॉर सोडून आणखी काही अडवलं होतं का? खरं सांगा.

वेफर्सवाला (सावदा)
ताई, तुम्ही सीआयडीत हव्या होता.

हो, अडवलं होतं. उरलेल्या खोट्या ऑर्डरी मोबाइलवरून आलेल्या, म्हणून भाच्याने त्या मोबाइल कंपनीच्या पत्त्यांची आख्खी रेंज टाकली ब्लॉकमध्ये. पंधरा दिवस ऑर्डरी निम्म्यावर. मला वाटलं श्रावण अजून लांब आहे म्हणून मंदी. मग रावेरहून मेव्हण्याचा फोन, "दाजी, धंदा बंद केला का?" ते गुपचूप काढलं.

पण टॉर काढलं नाही, आणि काढणारही नाही. टॉरवरून मला खरी ऑर्डर एकही आलेली नाही.

बोरीकाठचा (अमळनेर)
कशी येणार? दार बंद करून ठेवलंय आणि म्हणता पाहुणा येत नाही!

वेफर्सवाला (सावदा)
दार उघडं होतं तेव्हा ६३ पाहुणे आले होते मास्तर.

चोपड्याची
नुसतं कॅश ऑन डिलिव्हरी बंद करा ना टॉरवाल्यांना. बघू तर द्या.

वेफर्सवाला (सावदा)
...हे भाच्याला विचारतो. मास्तरांचं पटलं म्हणून नाही हां, चोपड्याच्या ताई बोलल्या म्हणून.

बोरीकाठचा (अमळनेर)
मग मीही एक कबूल करतो. बँकेत टॉरवरून जाणं माझाच बावळटपणा होता. तिथे नाव-गाव सांगूनच आत जायचं, रुमालाचा उपयोग शून्य. वाचनाचं मात्र एक इंच सोडणार नाही.

भुसावळ जंक्शन
चला, एवढं तरी बोललात. माझा बंदीचा मुद्दा चुकला असेल, नौदलाचा बरोबर होता हे लक्षात असू द्या.

वेफर्सवाला (सावदा)
भाच्याने केलं. मास्तर, टॉरवरून साइट उघडून बघा.

बोरीकाठचा (अमळनेर)
उघडली. मिरीवाले दोन किलो टाकले, पैसे आधी भरायला गेलो, तर पेमेंटवाल्यांनी अडवलं. 'मोटरसायकल असलेले चौकोन निवडा.' चौथी वेळ आहे.

वेफर्सवाला (सावदा)
अहो, फोन करा ना सरळ.

पारोळ्याचे नाना
मास्तर, मोटरसायकलीवर बसलेला माणूस पण धरायचा का हो? मी काल सोडला होता.