पोपचा फोटो घरात, आणि राग पोपच्याच पत्रावर?

छापखानावाला, फोंडा:
विचारू की नको असं करत आठ दिवस गेले. मी हिंदू, विषय किरिस्तांवांच्या घरातला. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीबुकं, जत्रेची निमंत्रणं, असलीच कामं. गेल्या महिन्यात एक निवृत्त मास्तर आले, वय ऐंशीच्या पुढे. लॅटिन मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, प्रार्थनांची सोळा पानी पुस्तिका हवी, पन्नास प्रती. प्रूफ तीनदा परत आलं. कारण एकच: 'लेतीफिकात' या शब्दात रोमी ए आणि ई त्यांना एकमेकांना चिकटलेली हवीत, आणि माझ्या फाँटात ते जोडाक्षर नाही. दरवेळी लाल पेनाने गोल.

तिसऱ्यांदा म्हणाले, "२०२१च्या पत्राने आमची मिस्सा काढून घेतली." पत्र कुणाचं, तर पोप फ्रान्सिस यांचं! मी गप्प. प्रूफ द्यायला घरी गेलो तर आल्ताराशेजारी, म्हणजे घरातल्या वेदीशेजारी, फोटो त्याच पोपचा. पोपचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य ना? मग हा काय प्रकार?

वसईची, आता मडगावात:
दादा, ब्रह्मवाक्य नाही. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेत ठरलं की श्रद्धा आणि नीती यांबद्दल पोप साऱ्या चर्चसाठी विधिवत व्याख्या करतात तेव्हाच ती अचूक मानायची. त्यानंतर असं झालं १९५० साली, मरियेला सदेह स्वर्गात नेलं गेलं ही शिकवण जाहीर करताना. मिस्सा कुठल्या पुस्तकातून करायची हा शिस्तीचा मामला. आज्ञा पाळायची, पण कुरकुर केली म्हणून कुणी पाखंडी ठरत नाही.

आता मास्तरांची बाजू. १५७० साली पोप पाचवे पायस यांनी मिस्साग्रंथ पक्का केला, आणि तो वापरायची परवानगी कायमची असंही लिहिलं. १९६९ साली पोप सहावे पॉल यांनी नवा आणला. २००७ साली पोप सोळावे बेनेडिक्ट म्हणाले, जुना कधी रद्द झालाच नव्हता, धर्मगुरूंनी खुशाल वापरावा. चौदा वर्षांनी फ्रान्सिस यांनी किल्ली पुन्हा बिशपांच्या हाती दिली: नवे गट नकोत, धर्मग्रामाच्या (त्या त्या भागातल्या नेहमीच्या) चर्चमध्ये नको, नव्याने दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने आधी बिशपांना विचारायचं आणि बिशपांनी रोमला. पत्राचं नाव 'त्रादिसियोनिस कुस्तोदेस', म्हणजे परंपरेचे राखणदार. राखणदार कोण, तर बिशप. परंपरा जपतो म्हणणाऱ्यांना हे नाव किती झोंबलं असेल बघा!

म्हणून हे लोक पोपशी भांडतात ते आधीच्या पोपचा हवाला देऊन. मला तो युक्तिवाद पटत नाही. शिस्तीच्या बाबतीत एक पोप पुढच्याचे हात बांधू शकत नाही. तसं असतं तर बेनेडिक्ट यांचं पत्रही कायमचंच की. शिवाय माझी आजी लॅटिन मिस्साला नुसती रोझरीचे मणी ओढत बसायची, वेदीवर काय चाललंय त्यातलं अक्षर कळायचं नाही. मी त्याच चर्चमध्ये मराठीत गायले. हे मी सोडणार नाही. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३च्या दस्तऐवजात लॅटिन राखावी असंही लिहिलंय, हे आमचे लोक सोयीने विसरतात.

आणि तुमचा तो शब्द, 'लेतीफिकात', म्हणजे आनंद देतो. जुन्या मिस्साच्या सुरुवातीला, वेदीच्या पायरीशी, धर्मगुरू म्हणायचे, "मी देवाच्या वेदीजवळ जाईन." उत्तर द्यायचा वेदीसेवक पोरगा: "माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे." नव्या ग्रंथात पायरीवरची ही प्रार्थनाच नाही. मास्तर लहानपणी वेदीसेवक होते का, विचारा एकदा.

पेडण्याचा:
पण यांच्यातलेच काही फुटून गेले ना? फ्रान्सचे कोण ते आर्चबिशप?

वसईची, आता मडगावात:
मार्सेल लेफेव्र. १९८८ साली रोमच्या परवानगीवाचून चार बिशप नेमले, बहिष्कृत झाले. त्या चौघांवरचा बहिष्कार २००९ साली उठला, तरी तिढा सुटला नाही. पण जुनी मिस्सा आवडते तो प्रत्येकजण त्यांच्यातला नव्हे. 'आमोरिस लेतित्सिया' या फ्रान्सिस यांच्या २०१६च्या, कुटुंबावरच्या दस्तऐवजातल्या तळटीप ३५१वरून चार कार्डिनलांनी पोपना लेखी शंका विचारल्या, ते तर चर्चच्या आतलेच. समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याबद्दलच्या २०२३च्या दस्तऐवजाचा वाद आणखी वेगळा, तो इथे नको, धागा पेटेल.

पेडण्याचा:
आमच्या देवळात आरतीला रेकॉर्ड लावतात त्यावरून दोन वर्षं भांडण चाललंय. सोळा पानं छापून कुणी भांडत नाही एवढंच.

छापखानावाला, फोंडा:
ताई, विचारलं. होते. आठव्या वर्षापासून. ती ओळ त्यांनी काउंटरवर उभ्या उभ्या म्हणून दाखवली, डोळे मिटून, आणि पुढचं उत्तर कुणी तरी देईल अशा थाटात थांबले. मी काय देणार! चहा मागवला.

जोडाक्षर दुसऱ्या फाँटात सापडलं. चौथं प्रूफ काल परत आलं. आता गोल त्याच ओळीतल्या 'युवेन्तुतेम'वर, म्हणजे तारुण्यावर, आहे. मी रोमी आय घातलाय, त्यांच्या वडिलांच्या पुस्तकात रोमी 'जे' होता म्हणे.