एसीएलची दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया : कोणता टेंडन घ्यावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा असून कबड्डी खेळतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या गुडघ्याच्या एसीएलची (गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या अस्थिबंधाची) दुर्बिणीद्वारे पुनर्बांधणी झाली, तेव्हा त्याच पायाच्या मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) वापरला होता. सहाव्या महिन्यातच तो मैदानात उतरला. ती घाई आमचीच. गेल्या महिन्यात चढाईवरून मागे वळताना गुडघा निसटला आणि एमआरआयमध्ये ग्राफ्ट (एसीएलच्या जागी बसवलेला तो टेंडन) तुटल्याचे दिसले. सध्या जिना उतरताना तो कठडा धरून प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय टेकवतो, मग डावा.

दुसऱ्या शस्त्रक्रियेचे निकाल सहसा पहिलीइतके चांगले नसतात आणि दात्याच्या टेंडनपेक्षा स्वतःचा टेंडन पुन्हा तुटण्याची शक्यता कमी असते, एवढे वाचून कळले. आमच्यापुढे वाटीखालचा पटेलर आणि वाटीवरचा क्वाड्रिसेप्स असे दोन पर्याय आहेत. पटेलर घेतल्यास गुडघे टेकताना पुढच्या बाजूला दुखू शकते, आणि कबड्डीत तर गुडघे सतत टेकावेच लागतात, म्हणून मन क्वाड्रिसेप्सकडे झुकते. पहिला ग्राफ्ट बसवण्यासाठी हाडात पाडलेले जुने बोगदे फार रुंदावले असतील तर आधी त्यांत हाड भरून काही महिन्यांनी ग्राफ्ट बसवावा लागेल, यासाठी सीटी स्कॅन सांगितला आहे.

ज्यांची अशी दुसरी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी कोणता टेंडन घेतला, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला लॅटरल टेनोडेसिसची (गुडघा वळताना निसटू नये म्हणून बसवलेल्या आधारपट्टीची) जोड दिली का, आणि कितव्या महिन्यात वळणे घेत धावता आले, हे कृपया सविस्तर कळवावे. फिजिओथेरपिस्ट मंडळींचेही मत हवे आहे.