गावच्या वाचनालयात अलैंगिकतेवरची पुस्तके ठेवावीत का?

मार्कंडेयकाठ (धागा सुरू करताना)

बेळगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात यंदाची पुस्तकखरेदी ठरवण्यासाठी बैठक झाली. लैंगिक ओळख आणि तिचा इतिहास या विषयावरची पाच पुस्तके मी सुचवली होती. "हे आपल्याकडचे प्रश्न नव्हेत," एवढ्या एका वाक्यात ती यादीतून गेली. हे वाक्य मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते येथे मांडते.

मी 38 वर्षांची आहे. विशीपासून पोह्यांचे कार्यक्रम झाले, नवस झाले, डॉक्टर झाले. मला आजवर कोणत्याही पुरुषाविषयी किंवा स्त्रीविषयी शारीरिक ओढ वाटलेली नाही. घरचे एकच विचारत, "मनात कोणी दुसरा आहे का?" कोणीच नाही, हे उत्तर त्यांना खरे वाटेना, आणि पुढे पुढे मलाही वाटेनासे झाले. गेल्या वर्षी अँजेला चेन यांचे 2020 साली आलेले 'एस' हे अलैंगिकतेवरचे इंग्रजी पुस्तक शब्दकोश जवळ ठेवून वाचले, तेव्हा माझ्यासारख्यांची, म्हणजे कोणाविषयीच लैंगिक आकर्षण न वाटणाऱ्या अलैंगिक माणसांची, नोंद बरीच जुनी आहे हे कळले. अमेरिकी लैंगिकता-संशोधक किन्सी यांनी 1948 च्या अहवालात अशांसाठी 'एक्स' हा वेगळा गट ठेवला होता. मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांनी 2004 साली ब्रिटनमधल्या 18,000 हून अधिक लोकांच्या पाहणीची माहिती तपासली, तेव्हा सुमारे 1 टक्का लोकांनी आपल्याला कोणाविषयीच लैंगिक आकर्षण वाटले नसल्याचे सांगितलेले आढळले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदानपुस्तिकेनेही, जी व्यक्ती स्वतःला अलैंगिक मानते तिला इच्छेच्या अभावाचा विकार लावू नये, असे म्हटले आहे.

मराठीत आपण अशा माणसाला ब्रह्मचारी म्हणून मोकळे होतो. ब्रह्मचर्य हा निग्रह आहे, आणि निग्रह करायला आधी इच्छा असावी लागते.

निपाणीचे मास्तर

ताई, तुमच्या अनुभवावर मी शंका घेत नाही. माझा विरोध खरेदीला आहे. सीमाभागातल्या वाचनालयांचा पैसा वर्गणी आणि देणग्यांतून उभा राहतो. मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत असताना त्या पैशातून पहिल्यांदा मुलांसाठी मराठी पुस्तके यावीत, असे मला वाटते. तुम्ही सुचवलेली पुस्तके बहुतेक इंग्रजी असणार, आणि ती गावात चार जणही वाचणार नाहीत.

दुसरे असे की, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती तयार नाव दिले की ते मूल त्या नावात स्वतःला बसवू पाहते. मन त्या वयात रोज बदलत असते. आपल्या मुलखात सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते, म्हणजे देवीला वाहिलेले, साडी नेसणारे पुरुष, पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या डोक्यावरच्या जगापुढे, म्हणजे देवीच्या मुखवट्याच्या टोपलीपुढे, बायाबापड्या वाकतात, परडीत जोगवा घालतात. हे सारे कोणतेही पुस्तक न वाचता चालत आले आहे. नसलेली भिंत आपण नव्या शब्दांनी बांधू नये.

सौंदत्तीची वाट

मास्तर, जगापुढे वाकणारा माणूस स्वतःचा मुलगा साडी नेसून दारात आला तर कसा वागतो, ते मी आमच्याच गल्लीत पाहिले आहे. त्या मुलाला यात्रेत मान होता आणि घरात ताट वेगळे होते. कर्नाटकाने 1982 साली देवाला मुली वाहण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा केला, तो त्या भक्तीमागच्या सक्तीमुळेच. सीमेपलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्यातले राजन गवस यांनी 'भंडारभोग' ही जोगत्याच्या आयुष्यावरची कादंबरी लिहिली आहे. ती वाचल्यावर "भिंत नव्हती" असे म्हणवत नाही.

मात्र मार्कंडेयकाठ यांनाही सांगतो, जोगत्यांना सरसकट आजच्या शब्दांत बसवू नका. कोणी मनाने स्त्री होते, कोणी अंगात आले म्हणून वाहिले गेले, कोणाला घरच्या गरिबीने ढकलले.

मार्कंडेयकाठ

तुमचे म्हणणे मी मान्य करते. तो फरक कळावा म्हणूनच इतिहासाची पुस्तके हवी आहेत. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे 377 वे कलम इंग्रजांच्या 1860 च्या दंडसंहितेतून आले आणि प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. आपल्या कर्नाटक राज्याच्या पोलीस कायद्यात तर तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची मुभा देणारे कलम 2011 साली घातले गेले होते. याच राज्याने 2021 साली सरकारी नोकरभरतीत त्यांना 1 टक्का आरक्षण दिले. मास्तर, हे माहीत नसलेल्या मुलाने अर्ज कोठून करावा?

आणि हे सारे इंग्रजीतच आहे असेही नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक विषयांवरचे मासिक चालवले, तेंडुलकरांचे समलिंगी स्त्रीवरचे नाटक 'मित्राची गोष्ट' 1981 साली रंगमंचावर आले, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' ही कादंबरी 2006 ची आहे. अलैंगिकतेवर मात्र मला मराठीत हाती धरावे असे पुस्तक मिळालेले नाही, म्हणून एकच इंग्रजी पुस्तक मागते. नावाने मूल अडकते, असे तुम्ही म्हणता. माझ्याजवळ नाव नव्हते, तरी मी अठरा वर्षे अडकलेच होते. फक्त कशात अडकले आहे, ते सांगता येत नव्हते.

निपाणीचे मास्तर

या शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस विचार केला. वर्गणीच्या पैशातून इंग्रजी पुस्तक घ्यावे, हे मला अजूनही पटत नाही, आणि शाळकरी मुलांच्या कपाटात ते ठेवू नये असेच माझे मत राहील. मराठी पुस्तके यादीत परत घ्यावीत. इंग्रजी प्रत कोणी देणगी म्हणून दिली, तर माझी हरकत नाही. मी आमच्या वाचनालयाचा ग्रंथपाल होतो, म्हणून विचारतो : ते पुस्तक कोणत्या खणात लावणार? आमच्याकडे असले सारे 'आरोग्य' या खणात, रोगांच्या पुस्तकांशेजारी जाते.

मार्कंडेयकाठ

प्रत मी माझी देते. खणाचे म्हणाल तर दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, हा विषय समाजशास्त्रात, 306.7 खाली येतो. तेथेच लावायचे, विवाह आणि कुटुंब या विषयांच्या पुस्तकांजवळ. रोगांच्या खणात ठेवणार असाल, तर मी ते परत घेऊन जाईन.