हायडनची ९४ वी सिम्फनी: पेंगणाऱ्या बायकांचा किस्सा खरा आहे का?

मंद्रसप्तक:
सध्या अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार हायडन याची ९४ वी सिम्फनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) सारखी ऐकतोय. दुसऱ्या भागात सगळं चोरपावलांनी चाललेलं असताना एकदम धाडकन दणका बसतो. माहीत असूनही दचकायला होतं. लंडनच्या मैफलीत जेवून आलेल्या बायका पेंगायच्या, म्हणून त्यानं ही खोडी केली म्हणतात. खरंय का? आणि साठीला टेकलेला माणूस तिकडे गेलाच कशाला, तेही दोनदा?

पियानोकाकू:
गेला कशाला ते आधी. जवळपास तीस वर्षं तो एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या पदरी होता, गणवेश घालून. १७९० मध्ये प्रिन्स निकोलाउस वारले, मुलानं वाद्यवृंद मोडीत काढला, हायडनला पेन्शन मिळालं. मोकळा झाला बिचारा! लगेच सालोमन दारात हजर. हा लंडनमध्ये मैफली भरवणारा व्हायोलिनवादक. १ जानेवारी १७९१ ला हायडन इंग्लंडच्या डोव्हर बंदरात उतरला. इंग्रजी येत नव्हतं. सुरुवातीच्याच एका पत्रात फेरीवाल्यांच्या आरडाओरड्यानं जीव नकोसा झाल्याची तक्रार आहे.

आता पेंगणाऱ्या बायका. पुढे चरित्रकार ग्रीझिंगरनं थेट विचारलं, तेव्हा हायडन नाही म्हणाला. त्याला काहीतरी नवं, झगझगीत द्यायचं होतं. कारण? त्या हंगामात सालोमनच्या विरोधात मैफली भरवणाऱ्या मंडळींनी हायडनचाच शिष्य प्लेएल आणून समोर उभा केला होता! (गंमत म्हणजे प्लेएल लंडनला आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गुरू-शिष्य एकत्र जेवले. भांडण लावणारे वेगळेच.) २३ मार्च १७९२ ला लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर रूम्स या सभागृहात ९४ वी पहिल्यांदा वाजली. हस्तलिखितातल्या पहिल्या खर्ड्यात तो दणका नाहीच, नंतर घातलाय. म्हणजे पूर्ण हिशेबानं.

झांजवाला:
काकूंशी सहमत. असाच एक किस्सा झुंबराचा. ९६ व्या सिम्फनीच्या वेळी झुंबर कोसळूनही लोक वाचले, म्हणून तिला ‘मिरॅकल’ (चमत्कार) म्हणतात, पण झुंबर खरं कोसळलं ते १०२ व्या वेळी, किंग्ज थिएटरमध्ये, २ फेब्रुवारी १७९५ ला. लोक हायडनला जवळून बघायला पुढे सरकले होते, म्हणून वाचले. नाव मात्र ९६ ला चिकटलं ते चिकटलंच.

बाकी दुसऱ्या लंडन फेरीतल्या सिम्फन्या ऐकताना क्लॅरिनेटकडे (फुंकून वाजवायचं वाद्य) कान द्या. पहिल्या फेरीतल्या ९३ ते ९८ मध्ये ते नाही. ९९ पासून आहे, १०२ सोडून. आणि १०० व्या सिम्फनीत आमची झांज, ट्रँगल, मोठा ढोल!

मंद्रसप्तक:
१०० वी आज रात्रीच. पण एवढं कौतुक होत होतं, तर तिथेच का नाही राहिला?

पियानोकाकू:
पैशांसाठी तरी राहायला हवं होतं! ४ मे १७९५ च्या मैफलीत १०४ वी पहिल्यांदा वाजली. त्या रात्री चार हजार गुल्डन (तेव्हाचं ऑस्ट्रियन चलन) मिळाले, आणि असं फक्त इंग्लंडमध्येच घडू शकतं असं त्यानं वहीत टिपलंय. पण तिकडे एस्टरहाझींच्या नव्या प्रिन्सना (आधीच्या निकोलाउस यांचे नातू) वाद्यवृंद पुन्हा उभा करायचा होता. ऑगस्टात निघाला परत. यावेळी मात्र काम बेताचंच होतं, आणि राहायला व्हिएन्ना.